क्रूझला नऊ दिवस उरलेत आणि रूम पार्टनर गळाली

या वेळी आलेल्या पत्रांत तीन पत्रं एकाच दुखण्याची आहेत. ग्रुपने क्रूझ ठरवली, पैसे भरून झाले, कपडे घेऊन झाले आणि ऐनवेळी एक जण गळाला. तिन्ही पत्रं जरा लांब आहेत पण मी फार कापली नाहीत, कारण अशा वेळी आकडे आणि तारखा समोर असल्याशिवाय काही सांगता येत नाही. ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय.

प्रश्न १

ताई नमस्कार. आम्ही शाळेतल्या सहा मैत्रिणी, सगळ्या ५८-५९ च्या, नाशिकच्या. दीड वर्ष भिशीचे पैसे बाजूला टाकून मुंबईहून निघणाऱ्या क्रूझचं बुकिंग केलं, तीन रात्री, गोवा करून परत. माणशी ३८,९४० रुपये, तीन केबिन, चिठ्ठ्या टाकून जोड्या पाडल्या. आता नऊ दिवस राहिलेत आणि परवा रात्री अकरा वाजता माझ्या पार्टनरने ग्रुपवर टाकलं, सॉरी गं मला नाही जमणार, घरी प्रॉब्लेम आहे, माझे पैसे परत मिळतात का बघा. बस एवढंच. फोन उचलत नाही. एजंटला विचारलं तर तो म्हणतो शेवटच्या १५ दिवसांत एक रुपया परत नाही आणि वर मला म्हणे केबिनमध्ये एकटीने राहायचे १६,००० जास्त भरावे लागतील. एक मैत्रीण म्हणते कोणाला काही सांगू नका, गुपचूप जा. दोघी म्हणतात तिला ग्रुपमधून काढून टाका. मला शुगर आहे, आयुष्यात पहिल्यांदा समुद्रात राहणार, एकटीने झोपायची भीती वाटते खरं सांगायचं तर. माझ्या डोक्याचा भुगा झालाय. काय करू?

— एक वाचक, नाशिक

उत्तर

ताई, सगळ्यात आधी एक सांगते, एजंटला अजून "तिचं नाव कॅन्सल करा" असं लिहून दिलं नसेल तर आज देऊ नका. फोनवर विचारलंत ते ठीक, पण मेल किंवा मेसेज गेला की ते कॅन्सलेशन धरतात आणि मग मागे फिरता येत नाही. ही चूक मी स्वतः केली आहे म्हणून इतकं ठासून सांगतेय. केरळच्या हाउसबोटीच्या ट्रिपला आमच्यातल्या एकीच्या घरी अडचण आली, मी घाईघाईने तिचं नाव रद्द करायला सांगितलं आणि दोन तासांनी तिची धाकटी बहीण यायला तयार झाली, तर एजंट म्हणाला आता नवीन बुकिंग, आजच्या रेटने. दोन तास थांबले असते तर नुसतं नाव बदलून काम झालं असतं, ते अजूनही मनाला लागून आहे माझ्या.

आता हे १६,००० कुठून आले ते समजून घ्या. क्रूझचं भाडं माणशी सांगतात पण विकतात ती केबिन, आणि एका केबिनमध्ये दोघं असणार हे धरूनच तो माणशी दर काढलेला असतो. म्हणून एकटा माणूस बुकिंग करायला गेला की त्याला दुसऱ्या बेडचेही पैसे लावतात, कुठे अर्धे, कुठे जवळजवळ पूर्ण. हे बुकिंगच्या वेळी रास्त आहे. पण तुमच्या केबिनच्या दुसऱ्या बेडचे पैसे कंपनीला मिळालेले आहेत ना? तुमच्या मैत्रिणीचे पूर्ण पैसे ठेवून घ्यायचे आणि त्याच बेडचे परत तुमच्याकडून १६,००० मागायचे म्हणजे एकच बेड दोनदा विकला. फोनवर एजंट काहीही बोलतो, कधी त्याला स्वतःलाच माहीत नसतं, कधी त्याने दोन महिने आधीच्या कॅन्सलेशनचा नियम तुम्हाला लावलेला असतो, कारण तेव्हा पार्टनरला बरेच पैसे परत जातात म्हणून उरलेल्याचं भाडं वाढतं. तुमचं तसं नाहीये.

म्हणून आज फोन नको, मेल. त्यात तीनच गोष्टी विचारा. केबिनमधल्या एका प्रवाशाचं नाव बदलायचं असेल तर शेवटची तारीख कुठली आणि चार्ज किती? नाव न बदलता ती आलीच नाही तर माझ्याकडून काही जास्त घेणार का, घेणार असाल तर बुकिंगच्या कुठल्या अटीनुसार? आणि ती जहाजावर चढली नाही तर तिचे पोर्ट चार्जेस आणि आधीच घेतलेली ग्रॅच्युइटी किती दिवसांत परत करणार? बुकिंग नंबर टाका, केबिन नंबर टाका, आणि मेल एजंटला आणि क्रूझ कंपनीच्या कस्टमर केअरला एकत्रच पाठवा. लेखी विचारलं की उत्तरही जपून येतं, हा माझा नेहमीचा अनुभव आहे.

तिसरा प्रश्न का, तर तुमच्या ३८,९४० ची फोड तुम्ही पाठवलेल्या बिलावर आहे, केबिनचं भाडं २७,०००, पोर्ट चार्जेस ४,५००, ग्रॅच्युइटी १,५०० आणि बाकी ५,९४० टॅक्स. "शंभर टक्के कॅन्सलेशन" म्हणतात तेव्हा ते साधारण भाड्याचं असतं. पोर्ट चार्जेस हे चढणाऱ्या माणसामागे बंदराला जातात, ती चढलीच नाही तर ते कंपनीने कशाला ठेवायचे, आणि ग्रॅच्युइटी म्हणजे जहाजावरच्या लोकांच्या सेवेचे पैसे, सेवा घेतली नाही तर तेही. बऱ्याच कंपन्या हे दोन्ही परत करतात, पण मागितलं तरच. म्हणजे अगदी वाईटात वाईट झालं तरी ६,००० आणि त्यावरचा टॅक्स एवढं तरी तिला परत मिळायला पाहिजे, तो आग्रह धरा.

गुपचूप जा म्हणणाऱ्या मैत्रिणीचं मला पटत नाही. गुपचूप गेलात तर बदली माणूस नेण्याची संधी गेली, पोर्ट चार्जेस मागायची वेळ गेली, आणि टर्मिनलवर काउंटरच्या माणसाने "दुसऱ्या मॅडम कुठेत" विचारलं की तुम्ही एकट्या तिथे उत्तरं देत बसणार. त्यापेक्षा नाव बदलायची शेवटची तारीख येईपर्यंत बुकिंग तसंच जिवंत ठेवा, तोवर कोणी मिळतंय का बघा, आणि नाहीच मिळालं तर ती येणार नाही हे लेखी कळवून टाका.

बदली माणूस शोधायचं काम कोणाचं? तिचं. हे मी मुद्दाम सांगतेय कारण ग्रुपमध्ये जी जास्त धावपळ करते तिच्याच गळ्यात हे पडतं. तिची बहीण, वहिनी, शेजारीण, कोणीही चालेल, फक्त नऊ दिवसांत घरातून निघू शकणारी हवी आणि जिच्याबरोबर तुम्ही तीन रात्री एका खोलीत राहू शकाल अशी हवी, यात नकाराचा अधिकार तुमचा. नाव आधार कार्डावर आहे तसंच्या तसं द्या, वेब चेक-इन तिचं नव्याने करावं लागेल, आणि मूळ ओळखपत्र बरोबर पाहिजे, नुसता मोबाईलमधला फोटो घेऊन मुंबईच्या बॅलार्ड पिअर टर्मिनलला जाऊ नका. आणि हो, मुंबईला यायला पंचवटी एक्स्प्रेसची तिकिटं काढली असतील. रेल्वेचं कन्फर्म तिकीट दुसऱ्याच्या नावावर करता येतं पण फक्त आईवडील, भाऊबहीण, नवराबायको, मुलगामुलगी एवढ्यांच्याच, तेही गाडीच्या २४ तास आधी काउंटरवर अर्ज देऊन. म्हणजे तिची सख्खी बहीण आली तर चालेल, नणंद किंवा जाऊ आली तर नाही चालणार. अशा वेळी सरळ ते एक तिकीट रद्द करून नवं काढा, तिथे डोकं लावत बसू नका.

आता पैसे. यावर स्पष्ट बोला नाहीतर हे पैसे दहा वर्षं तुमच्या भिशीत येऊन बसतील. बदली आली तर तिच्याकडून पूर्ण ३८,९४० मागणं मला बरोबर वाटत नाही, आठ दिवसांवर आलेली ट्रिप, तारीख तिने निवडलेली नाही, पार्टनर तिने निवडलेली नाही. समजा ती ३०,००० द्यायला तयार झाली. तर त्या ३०,००० मधून नाव बदलायचा चार्ज वजा करा आणि उरलेले सगळे तुमच्या मैत्रिणीला द्या. ८,९४० आणि तो चार्ज, एवढा खड्डा तिचा. बदली नाहीच आली तर जे काही कंपनी परत देईल ते तिचं, बाकी गेलेले पैसे तिचे गेले, तुम्ही पाच जणींनी ते भरून द्यायचे नाहीत आणि तसं वचनही कोणी हळवं होऊन द्यायचं नाही. पण इतकं भांडूनही कंपनीने ते १६,००० घेतलेच तर ते तिच्याकडे मागू नका. तिचे आधीच तीस-बत्तीस हजार गेलेले असतील. आणि तुम्ही एकट्यानेही भरायचे नाहीत, चिठ्ठीत तुमचं नाव तिच्याबरोबर निघालं एवढाच तुमचा संबंध, दुसऱ्या कोणाचंही निघू शकलं असतं. पाच जणींत वाटा, ३,२०० येतात प्रत्येकीला. हे बाकीच्या चौघींना जड वाटेल, तरी सांगा, माझं नाव घेऊन सांगा हवं तर.

इन्शुरन्स काढला होता का बघा, बुकिंगच्या वेळी ५००-७०० रुपयांची टिक केलेली असते आणि आपण विसरून जातो. घरातलं कोणी ॲडमिट असेल तर हॉस्पिटलचे कागद आणि कंपनीचं कॅन्सलेशनचं पत्र लावून तिला क्लेम करता येईल, जवळचे नातेवाईक म्हणजे कोण कोण ते पॉलिसीतच लिहिलेलं असतं. नवरा नको म्हणाला, पाहुणे आले, मन तयार होईना, ही कारणं बसत नाहीत. आणि आत्ता नवीन पॉलिसी काढून उपयोग नाही, अडचण आधीच आलेली आहे.

आता तिच्याबद्दल, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. "घरी प्रॉब्लेम आहे" एवढंच लिहून फोन बंद करणारी बाई मजेत नसते हो. तुमच्या पत्रात, इथे छापलेली नाही पण, एक ओळ आहे की ती गेले दोन महिने पॅकिंगच्या याद्या करत होती, डेकवर घालायला कॅनव्हासचे बूट तिनेच सगळ्यांना घ्यायला लावले. अशी बाई उगाच नाही गळत. मिस्टरांनी ऐनवेळी नकार दिला असेल, मुलाने काही बोललं असेल, सुनेची सुट्टी संपली असेल आणि नातवंडाला बघायला कोणी नसेल, नाहीतर भिशीतले ३८,००० घरात आत्ता कळले असतील आणि त्यावरून रामायण झालं असेल. आपल्या पिढीच्या कितीतरी बायकांनी स्वतःसाठी साठवलेले पैसे घरात सांगितलेले नसतात, मी कितीतरी जणी पाहिल्यात. मला माहीत नाही काय झालंय, तुम्हालाही नाही, आणि ते खोदून काढायची गरज नाही.

ग्रुपवर काही लिहू नका. दुपारी दोन-तीनच्या सुमाराला ती एकटी असेल तेव्हा फोन करा, नाही उचलला तर एक व्हॉइस मेसेज टाका तुमच्या आवाजात. म्हणा, "कारण नाही विचारत मी, तू ठीक आहेस ना एवढं सांग. पैशांचं असं असं आहे, इतके परत येतील, इतके नाही येणार. तुझ्या ओळखीची कोणी येत असेल तर परवापर्यंत सांग, तारीख आहे." बस. पैसे परत मागितले म्हणून तुम्हा सगळ्यांना राग आलाय ते कळतं मला, पण तिला बहुतेक नियमच माहीत नसणार, बुकिंग दुसरीने केलं होतं. रक्कम कळली की ती गप्प होईल, कदाचित रडेल, ऐकून घ्या.

ग्रुपमधून काढू नका तिला. चाळीस वर्षांची मैत्री अशी काढून टाकतात का? त्यापेक्षा क्रूझसाठी पाच जणींचा वेगळा ग्रुप करा, वेळा, तिकिटं, कोण काय खायला आणणार ते सगळं तिकडे, म्हणजे जुन्या ग्रुपवर दर तासाला बॅगांचे फोटो पडून तिच्या मनाला लागणार नाही.

राहिली तुमची झोप. पाच जणी तीन केबिन म्हणजे एक कोणीतरी एकटी राहणार, पण ती तुम्हीच असं कुठे लिहिलंय? शुगरवाल्या बाईने एकटीने झोपू नये, रात्री साखर उतरली तर शेजारी कोणीतरी पाहिजे. तुमच्यातल्या एखादीला एकटीला झोप चांगली लागत असेल, विचारून बघा, आणि एजंटकडून केबिनची नावं तशी बदलून घ्या, हे बदल सहसा फुकट होतात. तिघी एका केबिनमध्ये राहू म्हणाल तर ते आपल्या मनाने करू नका. वरून खाली उघडणारा तिसरा बेड सगळ्या केबिनमध्ये नसतो, असला तरी शिडी चढायची असते, गुडघे विचारात घ्या, आणि कुठल्या केबिनची माणसं कुठल्या लाइफबोटीपाशी जमणार ते मोजून ठरवलेलं असतं. एकटी राहणारीच्या केबिनची दुसरी चावी शेजारच्या केबिनमध्ये ठेवा, सकाळी सातच्या चहाला ती दिसली नाही तर कोणीतरी जाऊन बघायचं असं आधी ठरवून टाका. जहाजावर डॉक्टर असतो, रिसेप्शनचा फोन रात्रभर चालू असतो. तुमच्या गोळ्या हातातल्या पर्समध्ये, मोठ्या बॅगेत नाही, कारण बॅगा टर्मिनलवर ताब्यात घेतात आणि केबिनमध्ये यायला कधी कधी संध्याकाळ होते. इन्सुलिन असेल तर फार सांभाळा हे.

माझी आजी भाऊच्या धक्क्यावरून बोटीने वेंगुर्ल्याला जायची. डेकवर वळकटी पसरली की ती आपली जागा, शेजारी अनोळखी बाई, सकाळपर्यंत दोघींची मुलं एकमेकींच्या मांडीवर. तुम्ही तर शाळेपासूनच्या मैत्रिणींबरोबर चालला आहात. जा ताई, नक्की जा.

प्रश्न २

आम्ही आठ मित्र सिंगापूरहून क्रूझ करणार होतो, विमान, हॉटेल, क्रूझ सगळं पॅकेज. सगळ्यांचं पेमेंट मी माझ्या क्रेडिट कार्डावरून केलं, बाकी सहा जणांनी मला पैसे दिले, एकाने "देतो रे" म्हणत तीन महिने काढले आणि आता २० दिवस आधी म्हणतो मी येत नाही, आणि मी पैसे दिलेच नव्हते तर माझा काय संबंध. माझ्याकडे व्हॉट्सॲपवर त्याचं "डन, बुक कर" आहे, पासपोर्टची कॉपी त्यानेच पाठवली होती. दीड लाखाच्या आसपास रक्कम आहे. मित्र आहे म्हणून सोडून देऊ का?

— ठाणे

उत्तर

नाही, सोडून देऊ नका. "डन, बुक कर" म्हणून पासपोर्ट पाठवणं म्हणजे होकार, पैसे तेव्हा दिले नाहीत म्हणून होकार पुसला जात नाही. तुम्ही उधार दिलेत त्याला, इतकं साधं आहे.

पण त्याच्याकडे दीड लाख मागायच्या आधी खरा तोटा किती ते काढा, कारण तो दीड लाख नसणार. विमानाचं तिकीट एकाच पीएनआरवर असेल तर त्याचं नाव वेगळं काढून रद्द करता येतं, आणि तिकीट नॉन-रिफंडेबल असलं तरी त्यातले एअरपोर्टचे चार्जेस आणि सरकारी टॅक्स परत द्यावेच लागतात, विमान कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या डीजीसीएचा नियमच आहे तो. विमानाला नाव बदलून दुसरा माणूस नेता येत नाही हे लक्षात ठेवा, क्रूझला आणि हॉटेलला बहुतेक वेळा नेता येतो. म्हणजे बदली मित्र मिळाला तर त्याला फक्त विमानाचं तिकीट नवीन काढावं लागेल आणि व्हिसा, २० दिवसांत सिंगापूरचा व्हिसा होऊ शकतो, कागद आजच द्या. जुन्या व्हिसाची फी गेली ती गेली. रद्द न करता त्याला नुसतं एअरपोर्टवर न येऊ देणं हा प्रकार करू नका, त्या टॅक्सशिवाय हातात बहुतेक काहीच येणार नाही.

एक गोष्ट बरेच जण विसरतात ती म्हणजे टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच आगाऊ घेतला जाणारा इन्कम टॅक्स. परदेशाच्या पॅकेजवर एजंट बिलात टीसीएस लावतो आणि तो पैसे भरणाऱ्याच्या पॅनवर जमा होतो. आठ जणांचं पेमेंट तुम्ही केलंत तर बिल कोणाच्या पॅनवर आहे ते बघा. तुमच्याच असेल तर आठही जणांचा टीसीएस इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर तुमच्या नावावर दिसेल आणि तुम्ही रिटर्न भरताना तो तुम्हाला मिळेल. मग तो गळालेल्या मित्राकडे मागायचा नाही, आणि बाकी सहा जणांकडून घेतला असेल तर त्यांनाही परत करायचा. तुम्ही हिशोबात चोख असलात तरच त्याच्याकडे ताठ मानेने मागू शकता.

हे सगळं वजा करून जो आकडा येईल, समजा ७०,०००, तो त्याला बिलांच्या फोटोंसकट पाठवा. ग्रुपवर नाही, त्याला एकट्याला. भेटून बोललात तर उत्तम, चहा प्यायला बोलवा आणि कागद समोर ठेवा. हप्त्याने देतो म्हणाला तर घ्या, महिन्याला दहा हजार, तारीख ठरवून. तीन महिने जो "देतो रे" म्हणत राहिला त्याच्याकडे बहुतेक तेव्हाही पैसे नव्हते आणि मित्रांत ते सांगायची लाज वाटली. तसं असेल तर त्याला विचारा, थेट विचारा, "तुझं पैशाचं अडलंय का?" मित्राला हा प्रश्न विचारणं फार अवघड जातं पण तुम्हीच विचारू शकता.

आणि एजंट जर रद्द केलेल्या तिकिटाचे टॅक्स किंवा पोर्ट चार्जेस दाबून बसला तर १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार टाका, तेवढ्यानेच बऱ्याचदा पैसे सुटतात. नाही सुटले तर जिल्हा ग्राहक आयोग आहे, तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. हे एजंटसाठी सांगतेय हां, मित्रासाठी नाही.

प्रश्न ३

माझंच कॅन्सल करायची वेळ आलीये. ऑफिसच्या चौघी जणी पाच रात्रींच्या क्रूझला जाणार, अजून १२ दिवस आहेत. मी प्रेग्नंट आहे, सगळं नॉर्मल, डॉक्टर म्हणाल्या प्रवास करायला हरकत नाही. काल वेब चेक-इनचा फॉर्म भरताना प्रेग्नन्सीचा प्रश्न आला आणि खाली २४ आठवडे झालेल्या गरोदर बाईला जहाजावर घेत नाहीत असा नियम दिसला. जहाजावर चढायच्या दिवशी मला २३ आठवडे २ दिवस झालेले असतील. मैत्रीण म्हणते पोट दिसतच नाही, लिहूच नको. मला सगळ्यांचा मूड घालवायची भीती वाटतेय, चार महिने प्लॅन केलाय.

— पुणे

उत्तर

लपवू नकोस गं. बाकीचं सगळं नंतर, आधी हे.

हा नियम चढायच्या दिवसाचा नसतो, प्रवास संपतो त्या दिवसाचा असतो, बहुतेक सगळ्या क्रूझ कंपन्यांचा. २३ आठवडे २ दिवस अधिक पाच रात्री म्हणजे उतरायच्या दिवशी बरोबर २४ आठवडे पूर्ण. शिवाय काही ठिकाणी "चोविसावा आठवडा लागलेला नसावा" असं लिहिलेलं असतं, आणि चोविसावा तर २३ पूर्ण झाले की लागतोच, त्या हिशोबाने तू चढायच्या दिवशीच बसत नाहीस. जहाजावर डॉक्टर असतात पण इतक्या लवकर आलेल्या बाळाला लागणारी सोय नसते, आणि किनारा काही तास दूर असतो. नियम त्यासाठी आहे. तू फॉर्मवर खोटं लिहिलंस आणि टर्मिनलवर त्यांनी डॉक्टरचं पत्र मागितलं, तर तुला तिथूनच परत पाठवतील, पैसे पूर्ण जातील, आणि तिघी मैत्रिणी बॅगा घेऊन तुझ्याकडे बघत उभ्या राहतील. तो मूड जाणं आणि आज जाणं यात फार फरक आहे.

सोनोग्राफीच्या रिपोर्टवरचे आठवडे घेऊन आज कंपनीला मेल कर, त्यांचा नियम नेमका कसा मोजतात ते विचार. एक-दोन दिवसांचा प्रश्न असेल आणि तीच क्रूझ तीन रात्रींची असेल तर त्या तारखेला बदलून देतात का तेही विचार, पण आशा कमी ठेव. काही कंपन्या अशा कारणासाठी पैसे परत देतात किंवा पुढच्या प्रवासासाठी क्रेडिट देतात, मात्र ते आधी कळवलं तरच. इन्शुरन्समध्ये नॉर्मल प्रेग्नन्सी सहसा धरत नाहीत, त्यामुळे तो मार्ग बहुतेक बंद.

मैत्रिणींना आज संध्याकाळी सांग. तिघींना एकत्र, समोर बसून, आणि बरोबर दोन गोष्टी घेऊन जा, एक म्हणजे तुझ्या जागी कोण येऊ शकेल अशा दोन नावांची यादी, ऑफिसमधलीच एखादी असेल तर फारच छान, आणि दुसरं म्हणजे "माझ्या बेडचा जो तोटा होईल तो माझा" हे वाक्य, ते त्यांनी विचारायच्या आधी तू बोल. बारा दिवस हातात आहेत, प्रवाशांची यादी बंद व्हायला बहुतेक अजून वेळ असेल, त्यामुळे तुझी पार्टनर एकटी पडेलच असं नाही. त्या थोड्या नाराज होतील. होऊ देत, एक-दोन दिवस. तू सॉरी एकदाच म्हण, दर मेसेजला नको, नाहीतर त्यांना तुझीच समजूत काढत बसावं लागेल आणि त्यांचं पॅकिंग राहील.

आणि सातव्या महिन्याच्या आत कुठेतरी जायचंच असेल तर डॉक्टरांना विचारून गाडीने दोन-तीन तासांवर जाऊन ये चौघी मिळून, जिथून हॉस्पिटल जवळ आहे अशा ठिकाणी. हे त्या क्रूझवरून आल्यावर ठरवा, आत्ता नको. आत्ता तो मेल लिही.